तीन उरले होते

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत रविवारच्या बाजारात भाजीची गर्दी ओलांडून कडेला आलं की जुन्या सामानाच्या ताडपत्र्या लागतात. स्टोव्हचे पितळी बर्नर, झाकणं हरवलेली मिक्सरची भांडी, ज्यांचे टीव्ही कधीच भंगारात गेले असे रिमोट, एका सुतळीत ओवलेल्या कुठल्या कुठल्या कुलपांच्या किल्ल्या. अशाच एका ताडपत्रीवर, गंजलेली पक्कड आणि बंद पडलेली इस्त्री यांच्या मधोमध एक काळा पोलरॉइड पडला होता, बटण दाबलं की कागदावरचा फोटो स्वतःच बाहेर देणारा कॅमेरा. मिटल्या डब्यासारखा मिटलेला. कॉलेजातल्या एका पोरानं तो उचलला, वरचा फ्लॅशचा भाग उघडला, पुन्हा मिटला, पुन्हा उघडला. पाठीमागच्या बारक्या खिडकीत उरलेल्या फोटोंचा आकडा दिसत होता. 3.

“मामा, चालू हाय काय ह्यो?”

“चालू-बंद मला ठावं न्हाई बघ भावा. पर आत कायबी मोडल्यालं न्हाई. हे बघ की.” असं म्हणून मामांनी बाजूची कळ ओढली. पुढचं दार खट्दिशी खाली पडलं आणि कॅमेऱ्याचं उघडं तोंड त्यांनी सरळ अकराच्या उन्हाकडे धरलं. आत फिल्मचा पॅक होता. पोरानं समजल्यासारखी मान हलवली, मामांनी दार लावलं. खिडकीतला 3 गेला होता. पोरानं भाव विचारला, जरा घासाघीस केली, आणि कॅमेरा होता तिथं ठेवून पुढच्या ताडपत्रीकडे गेला.

एवढंच घडलं. कुणाचं काही नुकसान झालं असंही म्हणता येत नाही. पण तो पुसला गेलेला 3 डोक्यातून जात नाही.

आपल्याकडे माल उघडून दाखवणं ही सचोटी. मार्केट यार्डात गुळाचा रवा फोडून आतला रंग दाखवतात, भेसळ नाही हे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी पटवून देतात. मामांनी तेच केलं. पोलरॉइडला नेमकी हीच सचोटी सोसत नाही. पॅकमध्ये फोटोचे कागद एकावर एक रचलेले असतात आणि सगळ्यात वरच्याचं तोंड थेट बाहेर असतं. दार उघडलं की तो वरचा कागद गेला. खालच्यांना वरच्याच्या काळ्या पाठीचा आडोसा मिळतो, तरी कडेकडेनं उजेड शिरतोच. शिवाय दाराला जोडलेली एक कळ आतला आकडा मागे फिरवते, कारण दार उघडलं म्हणजे मालकानं नवा पॅक घातला असं यंत्र धरून चालतं. पॅकची बॅटरी जिवंत असती तर दार लावल्याबरोबर मोटर फिरली असती आणि नव्या पॅकवर झाकणासारखा असतो तो काळा पुठ्ठा समजून एक चांगला कागद बाहेर फेकून दिला असता. तसं काही झालं नाही. म्हणजे बॅटरी मेलेली. म्हणजे ते तीन कागदही, उजेड लागायच्या कितीतरी आधी, गेलेलेच होते.

मग खटकतं ते काय? तर तीन उरले कसे.

पॅक जुना होता, दहा फोटोंचा. जुन्या पोलरॉइड कंपनीनं इन्स्टंट फिल्म बनवणं 2008 मध्ये थांबवलं. आज जे नवे पॅक मिळतात त्यांत आठच कागद असतात. तेव्हा कोल्हापुरातल्या कुठल्यातरी घरात त्या आधी कधीतरी कुणीतरी सात फोटो काढले आणि आठव्याला हात आखडला. हे आखडणं आपल्या ओळखीचं आहे. दुबईहून किंवा अमेरिकेहून कुणा काकानं आणलेली वस्तू आपण वापरत नाही, ठेवतो. शोकेसमधला काचेचा डिनर सेट, घडी न मोडलेला टॉवेल, परदेशी साबणाची वडी, आणि त्यांच्याच शेजारी कपाटाच्या वरच्या खणात, मूळ खोक्यासकट, हा कॅमेरा. “आत्ता नको, बारशाला काढू.” बारसं होतं. “गणपतीत सगळे येतील तेव्हा.” सगळे येतात, पण फिल्म कोल्हापुरात मिळत नाही, मुंबईला कुणी जाईल तेव्हा सांगायला हवं, म्हणून उरलेले तीन अजून मोठ्या प्रसंगासाठी राखले जातात. काटकसर म्हणून हे बरोबरच. फक्त ज्या वस्तूबाबत ती केली, ती वस्तू पितळेच्या घागरीसारखी थांबून राहणारी नव्हे. ती दुधासारखी नासणारी आहे.

कशी नासते ते एक कागद हातात धरला की कळतं. रुंदी 8.8 सेंटिमीटर, उंची 10.7, त्यात चित्राचा चौकोन साधारण 7.9. तीन बाजूंच्या पट्ट्या अरुंद आणि खालची जाड. ती जाड पट्टी शोभेसाठी नाही. तिच्या पोटात रसायनाची पुडी आहे. बटण दाबलं की कागदाची ही जाड बाजू आधी स्टीलच्या दोन रोलरमध्ये जाते, पुडी फुटते आणि आतला लेप दोन थरांच्या मधून, पोळीला तूप लावावं तसा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरत जातो. उरलेला लेप वरच्या पट्टीत जाऊन बसतो. लेप म्हणजे तीव्र अल्कली. पानाच्या डब्यातल्या चुन्याचा थोरला भाऊ म्हणा. त्यात भिंतीच्या रंगात असतं ते पांढरं टायटॅनियम डायऑक्साइडही असतं. फोटोत जो पांढरा दिसतो तो तोच. लेपाच्या खाली तीन रंगांचे थर. जिथं उजेड पडला तिथला रंग जागेवर अडकून बसतो, जिथं पडला नाही तिथला सुटतो आणि लेपातून वर चढून वरच्या थरात रुततो. हे चालू असताना वरून येणारा उजेड अडवायला लेपातच एक गडद रंग मिसळलेला असतो, जो काम संपत आलं की आपोआप विरत जातो. म्हणजे डार्करूम, पाणी, ब्रश आणि पडदा, सगळं त्या जाड पट्टीत. ती पुडी वर्षानुवर्षं पडून राहिली की आतलं पाणी उडतं, लेप घट्ट होतो. मग रोलरनं कितीही दाबलं तरी तो पसरत नाही. एक तपकिरी अर्धचंद्र उमटतो आणि बाकी चौकोन कोरडा. जुने पॅक इंटरनेटवर ‘न उघडलेला, सीलबंद’ म्हणून भारी किमतीला विकायला असतात. न उघडलेला आहे म्हणूनच तो निरुपयोगी आहे, हे विकणाऱ्याला माहीत असतं की नाही देव जाणे.

झटपट फोटो ही गोष्ट कोल्हापूरला मात्र नवी नव्हती. महाद्वार रोडपासून राजारामपुरीपर्यंतच्या स्टुडिओंत ‘अर्जंट पासपोर्ट’च्या पाट्या लागल्या त्या काळात पडद्याआड हेच यंत्र असायचं, फक्त वेगळ्या जातीचं. चार डोळ्यांचा कॅमेरा. एकदा बटण दाबलं की एका कागदावर चार सारखे चेहरे. त्यातला कागद आपोआप बाहेर येत नसे. आधी कागदाची पांढरी शेपटी ओढायची, मग पिवळी शेपटी दिसायची. ती एका दमात, सरळ, न थांबता ओढायची. हात अडखळला की चेहऱ्यावर आडवी रेघ, तिरका गेला की एक कोपरा कोरा. बाहेर आलेली ती ओलसर घडी मिनिटभर तशीच ठेवायची. थंडीच्या सकाळी स्टुडिओवाला ती शर्टाच्या आत काखेत धरून उभा राहायचा, कारण रसायन गारठलं की चेहरा निळसर येई आणि कॉलेजच्या फॉर्मवर आजारी दिसे. मग दोन कागद एकमेकांपासून टरकन सोलायचे. त्या सोलण्याबरोबर जो आंबूस-उग्र वास सुटायचा तो ज्यानं घेतला असेल त्याला अजून आठवेल. फोटो वाऱ्यावर हलवून वाळवायचा, कटरनं चार तुकडे करायचे. सोललेली दुसरी बाजू, जिच्यावर तोच चेहरा काळपट-चिकट उमटलेला असे, ती टोपलीत. पोलरॉइड काढला की फोटो हलवायचा, ही सवय त्या ओल्या कागदांची आहे. आताच्या बंद कागदात वाळवायला काहीच नाही. झटकलं तर उलट आतला न मुरलेला लेप हलून डाग पडतो. तरी हातात कागद आला की माणूस झटकतोच. बघून बघून वैताग येतो.

सोलायच्या कागदाची ती जात आता जवळजवळ संपली. फुजीनं शेवटची रंगीत फिल्म 2016 मध्ये बंद केली. म्हणून जुन्या बाजारात भेटलेला कॅमेरा घ्यावा का, याचं पहिलं उत्तर कॅमेऱ्याच्या तब्येतीत नसून त्याच्या कुळात आहे. भात्यासारखा उघडणारा, बाजूनं शेपट्या ओढायचा असेल तर शोकेससाठी घ्या. कोडॅकचा इन्स्टंट असेल तर तोही शोभेचा. पोलरॉइडनं पेटंटचा दावा जिंकल्यावर 1986 मध्ये कोडॅकला तो धंदाच बंद करावा लागला. पोलरॉइडचाच रुंद चौकटीचा, स्पेक्ट्रा किंवा इमेज नावाचा असेल तर त्याची फिल्म 2019 मध्ये थांबली. दारावर किंवा लेन्सभोवती 600 लिहिलं असेल, किंवा चपटा मिटणारा एसएक्स-70 असेल, तर आज नवी फिल्म मिळते. इथं एक फसगत हमखास होते. स्वस्त दिसतं म्हणून लोक आय-टाइप नावाचा पॅक मागवतात. तो आकारानं बरोबर बसतो, दार लागतं आणि कॅमेरा मेल्यासारखा गप्प, कारण आय-टाइपच्या पॅकमध्ये बॅटरी नसते. या जुन्या कॅमेऱ्यांना स्वतःची बॅटरीच नाही. दर पॅकच्या बुडाशी सहा व्होल्टची चपटी बॅटरी येते आणि मोटर, शटर, फ्लॅश सगळं तिच्यावर चालतं. दर आठ फोटोंमागं एक बॅटरी कचऱ्यात. ज्या काळात हे सुचलं त्या काळात ते अक्कलहुशारीचं वाटलं असेल, आज टोचतं.

आता मामांच्या ताडपत्रीसमोर उभं राहून काय बघायचं. आधी पाठीमागची खिडकी. तिथं आकडा असेल तर विकणाऱ्याचा हात धरा, निदान त्याला सांगा तरी. 0 असेल किंवा काहीच नसेल तर खुशाल दार उघडा आणि रोलर बघा. स्टीलचे दोन दांडे, आरशासारखे हवेत. त्यांच्यावर पांढरी खपली दिसली तर ती फुटलेल्या पुडीचा वाळलेला लेप आहे. ती चाकूनं किंवा स्क्रूड्रायव्हरनं खरवडायची नाही, एक चरा पडला की तो चरा पुढच्या प्रत्येक फोटोवर उमटणार. मऊ सुती कापड पाण्यानं ओलं करून घट्ट पिळायचं, कडेचं दातेरी चाक अंगठ्यानं फिरवत रोलर पुसायचा, मग कोरड्या कापडानं. नंतर हात साबणानं धुवायचे, कारण चुना म्हटलं ते गमतीनं नव्हे. डोळ्याला लागला तर चांगलाच भाजतो. 600 ची लेन्स प्लॅस्टिकची आहे, जमिनीवर घासली असेल तर ओरखडे असतील. बारीक ओरखड्यांनी फारसं बिघडत नाही. एसएक्स-70 ची काचेची, चार भिंगांची. तिला आपल्या जुलै-ऑगस्टची बुरशी लागते. टॉर्च तिरका मारला की कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. आत खोल असेल तर नाद सोडा.

चालू आहे की नाही हे महागडा पॅक न घालता तपासायचं असेल तर एखादा अलीकडचा संपलेला पॅक मिळवा. आठ फोटोंनंतरही त्या बॅटरीत जीव उरलेला असतो. पॅकच्या बुडाशी धातूचे दोन चौकोन दिसतात, तिथं मल्टीमीटर लावून सहाच्या आसपास आकडा आला की पुरे. पॅक आत सरकवा, दार लावा. रोलर एकदा घर्र्रकन फिरायला हवेत. मग फ्लॅशचा भाग उघडला की आतून बारीक चीं असा, डासासारखा, हळूहळू चढत जाणारा आवाज येतो आणि दिवा पेटतो. हा आवाज आला की निम्मी चिंता मिटली. नाही आला म्हणून कॅमेरा खोलून बघायचा मोह मात्र आवरायचा. उद्यमनगरात गिअर असो की बुशिंग, काहीही करून देणारे हात आहेत आणि तिथल्या कुणाही मिस्त्रीला हे यंत्र म्हणजे खेळणं वाटेल. पण फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या घरात व्होल्ट साठून बसलेले असतात, बॅटरी काढली तरी. मिस्त्री बोटानं तपासतो ही सवय इथं महागात पडते.

फिल्मची गोष्ट त्याहून नाजूक. एक फोटो आजच्या भावानं दोनशेच्या वर जातो, तेव्हा खोक्यावरची तारीख बघून घ्या. कारखान्यातून निघाल्यापासून वर्षाच्या आत वापरलेली बरी. फ्रिजमध्ये आडवी ठेवायची, फ्रीझरमध्ये कधीच नाही, गोठली की पुडीचा लेप कामातून जातो. वापरण्याआधी तासभर बाहेर काढायची आणि तेवढा वेळ पॅकवरचं चांदीसारखं वेष्टन फोडायचं नाही. पावसाळ्यात तर अजिबात नाही, कारण आपल्याकडच्या जुलैतल्या हवेत गार वस्तू उघडली की मिनिटात दव धरतं. पॅक कडेला धरून आत सरकवायचा. मधे किंवा जाड पट्टीवर बोट दाबलं तर पुडी तिथंच फुटते. दार लावलं की काळा पुठ्ठा आपोआप बाहेर येतो. तो फेकू नका. अर्धवट पॅक कधी काढायची वेळ आली तर अंधारात तोच वर सरकवून उरलेले कागद वाचवता येतात. जुन्या कॅमेऱ्याची खिडकी दहापासूनच मोजते आणि आता कागद आठ, म्हणून खिडकीत 2 आला की पॅक संपला असं समजायचं. न सांगता हे कुणाला कळत नाही. शेवटचे दोन आहेत या भरवशावर लोक रंकाळ्यावर नवरा-नवरीला पुन्हा उभं करतात, बटण दाबतात, आणि काहीच बाहेर येत नाही.

फिल्म 13 ते 28 अंशांत खूश असते. कोल्हापूरच्या मानानं म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे दिवस, आणि पाऊस उघडल्यावर सप्टेंबरातल्या काही स्वच्छ दुपारी. एप्रिल-मेच्या दुपारी फोटो हळद लावल्यासारखा येतो. डिसेंबरात पन्हाळ्यावर भल्या पहाटे काढलात तर निळा आणि फिकट. तेव्हा कागद बाहेर आला की लगेच स्वेटरच्या आतल्या खिशात. काखेतला तो जुना इलाज अजून लागू आहे. साधा 600 सव्वा मीटरच्या पुढचंच स्वच्छ बघतो. जवळच्या भिंगाची पट्टी असेल तर ती सरकवून साठ सेंटिमीटरपर्यंत. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या वाटीवर वाकून काढायला गेलात तर वाटी धूसर आणि पलीकडचा वेटर एकदम ठळक. सूर्य पाठीशी किंवा खांद्यावर घ्या. कडक उन्हात उजेड-अंधाराची पट्टी एक घर काळ्या बाजूला सरकवलेली बरी, नाहीतर पांढऱ्या टोपीखालचं कपाळही पांढरंच येतं. फ्लॅश तीन मीटरच्या पुढं पोचत नाही, त्यामुळे रात्री भवानी मंडपाची कमान उजळायची आशा धरू नका. समोरचा माणूस तेवढा उजळेल, कमान काळोखात. आणि एसएक्स-70 मध्ये 600 ची फिल्म घातलीत तर ती चौपट चपळ आहे. वर काळसर फिल्टर हवा, नाहीतर सगळं पांढरंफटक.

बटण दाबलं, घर्र्र झालं, कागद बाहेर आला. यानंतरचे पाच सेकंद सगळ्यात महत्त्वाचे. नव्या फिल्ममधला उजेड अडवणारा गडद रंग जुन्या कंपनीच्या फिल्मइतका दमदार नाही. बाहेर येता येताच तळहाताची सावली करायची आणि कागद पालथा घालायचा, किंवा थेट खिशात, चित्राची बाजू अंगाकडे. रंगीत फोटोला दहा-पंधरा मिनिटं लागतात, कृष्णधवल जरा लवकर. मधेमधे उचलून बघणाऱ्याचा फोटो फिकट येतो. ‘झटपट’ म्हणून विकलेल्या यंत्राला इतका वेळ का, असं दर वेळी कुणीतरी विचारतंच. त्याला चहा सांगावा. चहा येऊन संपेपर्यंत चेहरा आलेला असतो.

आणि बिघडतो तेव्हा फोटो स्वतःच सांगतो काय झालं. ठरावीक अंतरानं तोच ठिपका पुन्हा पुन्हा दिसला तर रोलरवर कण चिकटलाय. कोपऱ्यात कोरा त्रिकोण राहिला तर लेप पोचलाच नाही. पुडी गारठलेली किंवा जुनी. पूर्ण काळा आला तर शटर उघडलंच नाही, कारण या फिल्ममध्ये उजेड न लागलेला कागद काळाच होतो. पूर्ण पांढरा आला तर उलट, उजेड नको तिथून शिरला. मामांच्या कॅमेऱ्यातला वरचा कागद ताजा असता आणि बाहेर आला असता, तर असाच कोराकरकरीत पांढरा आला असता.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेरा मिळत नाही म्हणून सुटे भाग जमवून, घडवून, 1918 च्या सुमाराला स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा उभा केला, त्या गावाला यंत्राची भीती कधी वाटली नाही. खांबाखालून रोज हजारो गाड्या जातात, कुणी मान वर करत नाही, ते जाऊ दे. पण त्या खांबाजवळ पोलरॉइड हातात घेऊन उभं राहिलं की एक गोष्ट जाणवते. हा डबा तर उद्यमनगर करील. कागद करता येणार नाही. नेदरलँड्समधल्या एन्स्खेडेच्या कारखान्यात जुनी कंपनी बंद पडताना काही माणसांनी यंत्रं भंगारात जाण्याआधी विकत घेतली. यंत्रं हातात आली, पण फिल्मला लागणारी कित्येक रसायनं जगात कुणी बनवतच नव्हतं. सूत्र नव्यानं मांडावं लागलं. 2010 मध्ये त्यांचे पहिले पॅक आले, आणि त्यातले फोटो कसे येतील हे बनवणाऱ्यांनाही नक्की सांगता येत नसे. आजची फिल्म त्याच धाग्यावर चाललेली आहे, म्हणून तिला उन्हाची, थंडीची, बोटांची इतकी पथ्यं. वाईट वाटतं आणि कौतुकही.

पॅकमध्ये आठच असतात, हे कळल्यावर माणसं वेगळी वागतात. रंकाळ्याच्या काठावर दहा-बारा जणांचं कुटुंब फोटोला उभं राहतं तेव्हा कुणीतरी थोरला दटावतो, “गप उभं ऱ्हावा, आठच हाईत.” पदर सारखे होतात, पोरांच्या नाकाची शेंबडं पुसली जातात, आजोबा टोपी नीट करतात. एक घर्र्र. मग पंधरा मिनिटं सगळे एका पालथ्या कागदाभोवती. आणि चेहरे वर आले की खरा घोटाळा : हा कुणी न्यायचा? निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही. थोरल्याच्या घरी जातो की धाकट्याच्या, की ज्याचा कॅमेरा त्याच्याकडं. दुसरा काढू म्हणतात, पण दुसऱ्यात आजोबांनी डोळे मिटलेले असतात. म्हणून मग, “बाकीचे राहू देत, दिवाळीत काढू.” आणि कॅमेरा पिशवीत जातो. खिडकीत पाच. किंवा चार.

किंवा तीन.

पुढच्या रविवारी लक्ष्मीपुरीत तोच कॅमेरा त्याच ताडपत्रीवर होता. इस्त्री विकली गेली होती. मामांनी पॅक बाहेर काढून कॅमेऱ्याशेजारी उन्हात मांडला होता, पुसूनबिसून, काळी चकचकीत बाजू वर करून. कॅमेऱ्याच्या दारात टॉर्चचा एक जुना सेल आडवा घालून ते उघडंच ठेवलं होतं, म्हणजे आत घाण नाही हे येणाऱ्या-जाणाऱ्याला लांबूनच दिसावं. एका बाईंनी पॅककडं बोट दाखवून विचारलं, हे काय आहे. “त्याच्यातलंच हाय ताई, पर येगळं इकायला काढलंय,” मामा म्हणाले. “कॅमेरा तीनशे, ह्यो पन्नास. त्यात अजून तीन हाईत.”